चोवीसपैकी नऊ: सप्टेंबरअखेर मागे पडलेल्या वाचनसंकल्पाचं एक प्रकरण

आमच्या वाचनगटातल्या एका सभासदाची ही हकीकत त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशीलही. इथे त्यांना सुजाताताई म्हणू. वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकांचा आकडा ठरवणारे आणि गणपतीनंतर तो आकडा आठवून अस्वस्थ होणारे वाचक माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. बहुतेकांच्या बाबतीत नेमकं कुठे बिनसलं हे कळायला काही साधन नसतं. सुजाताताईंकडे वही होती, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडता येतं.

पार्श्वभूमी

सुजाताताई सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत. बोरिवली पूर्वेला राहतात, चर्चगेटजवळच्या एका ऑफिसात नोकरी करतात. घरी यजमान, बारावीतली मुलगी आणि सासूबाई. कॉलेजात असताना भरपूर वाचायच्या. लग्न, नोकरी, मुलगी यात ते जवळजवळ पंधरा वर्षं सुटलं. करोनानंतर आमच्या गटात आल्या आणि पुन्हा वाचू लागल्या. २०२२ मध्ये चौदा पुस्तकं झाली, २०२३ मध्ये सतरा. २०२४ साठी त्यांनी चोवीसचा आकडा धरला. महिन्याला दोन, हिशोब सोपा.

१ जानेवारीला त्यांनी एका दोनशेपानी वहीत रकाने आखले: पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख. एप्रिलअखेर आठ पुस्तकं झाली होती, म्हणजे गाडी अगदी वेळेवर होती. त्यानंतर पाच महिन्यांत वहीत एकाच पुस्तकाची भर पडली.

३० सप्टेंबरला रात्री त्यांचा मेसेज आला: "ताई, नऊच झाली. पंधरा राहिलीत. यंदा सोडून देऊ का?"

अडचण नेमकी कुठे होती

मी त्यांना वही घेऊन घरी बोलावलं. त्यांचं स्वतःचं निदान पक्कं होतं. जुलैमध्ये सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यात सगळं राहिलं. ऐकणाऱ्या कुणालाही ते पटलं असतं. मलाही पटलं.

वही उघडल्यावर वेगळंच दिसलं. जुलै हा त्या पाच महिन्यांतला एकमेव महिना होता ज्यात पुस्तक पूर्ण झालं होतं. बहिणीने हॉस्पिटलात आणून दिलेलं प्रवासवर्णन त्यांनी बाहेरच्या बाकावर बसून पाच दिवसांत संपवलं होतं. ऑपरेशनने वाचन थांबवलं नव्हतं. ते त्याआधीच, मेमध्ये थांबलं होतं.

६ मे या तारखेसमोर एका ऐतिहासिक कादंबरीचं नाव होतं. पानं ६१२. संपल्याच्या तारखेचा रकाना कोरा. पुस्तक कुठवर आलंय असं विचारल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "पान एकशे अठ्ठ्याऐंशी." तिथे बेस्टच्या बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं आणि ते मेपासून हललं नव्हतं. लढाईच्या तयारीचं लांबलचक वर्णन सुरू झालं आणि पुढे सरकेना. तरी दुसरं पुस्तक उघडायचं नाही, कारण हातातलं संपल्याशिवाय नवं घ्यायचं नाही हा त्यांचा नियम. "पानात वाढलेलं टाकायचं नाही असं आई म्हणायची, तसंच पुस्तकाचं," त्या म्हणाल्या. प्रवासवर्णन या नियमातून सुटलं, कारण जाड कादंबरी हॉस्पिटलात नेणं जमण्यासारखं नव्हतं.

आणखी दोन गोष्टी बोलता बोलता निघाल्या. मे महिन्यातच वाचनालयाची वर्गणी भरायची राहिली होती आणि सभासदत्व बंद पडलं होतं. पहिली आठही पुस्तकं वाचनालयातली होती. अडकलेली कादंबरी प्रदर्शनातून विकत घेतलेली, स्वतःची. घरच्या पुस्तकाला परतीची तारीख नसते. ते टेबलावर पडून राहिलं तरी कुणी दंड लावत नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती सुजाताताईंच्या लक्षातही आली नव्हती. मेमध्ये त्यांच्या ऑफिसची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आली. एप्रिलपर्यंत त्या बोरिवलीहून सुटणाऱ्या स्लो लोकलने बसून जात होत्या. वेळ बदलल्यावर विरारहून येणारी फास्ट धरू लागल्या. ती बोरिवलीला येते तेव्हाच भरलेली असते. एका हाताने वरची कडी धरायची, दुसऱ्या हाताने पर्स सांभाळायची, पुस्तक कुठल्या हातात धरणार? रोजचा तासाभराचा वाचनाचा वेळ त्या दिवशी गेला. घरात कुणाला तो गेल्याचं कळलं नाही, कारण तो घरातला वेळ कधी नव्हताच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय आकडा खाली आणण्याचा. पंधरा करून टाका, सहा पुस्तकं तीन महिन्यांत आरामात होतील. मी तो सुचवला. त्यांनी ठाम नकार दिला. आकडा मीच ठरवला, तो माझ्या सोयीने बदलला तर पुढच्या वर्षी त्याला काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा हट्टाचं वाटलं होतं. आज तसं वाटत नाही.

दुसरा, पातळ पुस्तकांचा. शंभर-सव्वाशे पानांची पंधरा पुस्तकं निवडायची. याबद्दल पुढे सविस्तर येईल, कारण हा पर्याय आम्ही नाकारला आणि तरीही तो मागच्या दाराने आत आला.

ऑडिओबुक त्यांनी तीन दिवस करून पाहिलं, सकाळी स्वयंपाक करताना. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर आणि सासूबाईंच्या हाका यांत तिसऱ्या प्रकरणानंतर कथेतला कोण कुणाचा मुलगा हे समजेना. बंद केलं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर ऐकावं. पूर्ण ऐकलेलं पुस्तक वाचलेल्यात धरायला माझी तरी हरकत नाही.

चौथा प्रश्न दिवाळी अंकांचा. हा अस्सल आपल्याकडचा पेच आहे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाचं ऑक्टोबर-नोव्हेंबरचं वाचन पुस्तकांपासून थोडं बाजूला सरकतं. वाचनालयं ठरावीक रक्कम घेऊन पुढचे काही महिने अंक बदलून देतात. एकेक अंक दोनशे-अडीचशे पानांचा. त्यात कथा, लेख, कविता, कधी अख्खी लघुकादंबरी. एवढं वाचून वहीत शून्य कसं लिहायचं? आणि जाहिराती, राशिभविष्य सोडून, हवं ते चाळून ठेवलेल्या अंकाला पुस्तक तरी कसं म्हणायचं? सुजाताताईंनी यावर दोन दिवस विचार केला आणि ठरवलं की अंक पूर्ण वाचला तर त्याची नोंद करायची, पण वहीच्या मागच्या बाजूला, वेगळ्या पानावर. चोवीसात धरायचा नाही.

उरलेला पर्याय गेलेला वेळ परत मिळवण्याचा. आधी वेग मोजला. एका रविवारी दुपारी मोबाइलवर वीस मिनिटं लावून त्या वाचायला बसल्या. कादंबरीची अकरा पानं झाली, इतिहासाच्या पुस्तकाची सात. स्लो लोकलमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंतची पन्नास मिनिटं नीट वाचनाची धरली तर साधारण सत्तावीस पानं, आठवड्याला एकशे पस्तीस. रात्री झोपण्याआधी पाव तास धरला तर आणखी पन्नास-पंचावन्न. म्हणजे आठवड्याला एकशे नव्वद पानं, सरासरी एक पुस्तक. दिवाळीचा आठवडा वजा केला तर वर्षअखेरीपर्यंत अकरा-बारा पुस्तकं. नऊ आणि बारा एकवीस.

कागदावर एकवीस आल्यावर आम्ही दोघी थोडा वेळ गप्प बसलो. त्यांनी वहीत चोवीसच ठेवलं, शेजारी पेन्सिलने एकवीस लिहिलं.

काय केलं

सगळ्यात आधी जाड कादंबरीचं. टाकायचं नाही, पण बाजूला ठेवायचं, हे त्यांना पटायला एक संध्याकाळ गेली. शेवटी वहीत त्या पुस्तकाच्या शेवटच्या रकान्यात 'थांबवलं, पान १८८' असं लिहून त्यांनी पुस्तक कपाटात उभं केलं. बेस्टचं तिकीट आत तसंच ठेवलं. मग वर्गणी भरून वाचनालय पुन्हा सुरू केलं. एका वेळी एकच पुस्तक, पंधरा दिवसांची मुदत, घरचं पुस्तक डिसेंबरपर्यंत उघडायचं नाही.

लोकलचा निर्णय कठीण होता. स्लोने जायचं तर वीस मिनिटं आधी घर सोडायला हवं, आणि सकाळची ती वीस मिनिटं मुलीच्या डब्याची होती. यजमानांना सांगायला त्या कचरत होत्या. पुस्तक वाचायचंय म्हणून डबा तुम्ही भरा, हे कसं म्हणायचं? मी एवढंच म्हटलं की विचारून तर पाहा. त्यांनी विचारलं. यजमान म्हणाले, पोळी-भाजी करून ठेव, भरायचं मी बघतो. पाच महिने जे अडलं होतं त्यातला मोठा भाग या एका वाक्याने सुटला. असं वाक्य मागायला आपण बायका किती उशीर करतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

सप्टेंबरात गोरेगाव-कांदिवली दरम्यान सहाव्या मार्गिकेच्या कामामुळे लोकल रद्द होत होत्या, म्हणून सुरुवात सोमवार, ७ ऑक्टोबरची ठरली. नवरात्र चालू होतं, सोमवारचा रंग पांढरा. लेडीज डबा पांढऱ्या साड्या आणि ड्रेसनी भरलेला, अंधेरीपर्यंत फोटो चालले होते, कुणीतरी पेढे वाटले. त्यात खिडकीशी बसलेल्या बाईने पुस्तक उघडलं तर तिलाही फोटोत ओढणारच. पहिल्या दिवशी सहा पानं झाली. दुसऱ्या दिवशी एकवीस, गुरुवारी तीस.

डब्यात वाचणाऱ्याची खरी अडचण गोंगाटाची नसते. "कुठे उतरणार?" हा प्रश्न दर दोन स्टेशनांनी येतो आणि ओळ सुटते. सुजाताताईंनी यावर साधा उपाय काढला. बसल्या बसल्या आजूबाजूला मोठ्याने सांगून टाकायचं, "मी चर्चगेट." मग कुणी विचारत नाही. ज्यांना दादरची जागा हवी त्या पुढच्या बाईकडे वळतात. आठवड्याभरात त्यांच्या वाट्याची खिडकीजवळची जागा आणि "ह्या चर्चगेट, वाचतात" ही ओळख दोन्ही ठरून गेलं.

२७ ऑक्टोबरपर्यंत तीन पुस्तकं झाली. एकूण बारा.

नोव्हेंबरचा घोळ

दिवाळीच्या आठवड्यात एक पानही झालं नाही. ते अपेक्षितच होतं. पण भाऊबीज उरकल्यावर त्यांनी वही पाहिली आणि त्या घाबरल्या. अजून बारा राहिली होती आणि आठवडे आठ. इथे पातळ पुस्तकांचा पर्याय परत आला. त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ४ ते १७ नोव्हेंबर या दोन आठवड्यांत वहीत पाच नावं चढली. नव्वद पानं, एकशे दहा, चौऱ्याऐंशी अशी. एकूण सतरा. गटात सगळ्यांनी कौतुक केलं.

त्या बैठकीत एका सभासदाने सहज विचारलं, या पाचांतलं कुठलं घेऊ? सुजाताताईंनी एका कथासंग्रहाचं नाव घेतलं. त्यात काय आहे असं विचारल्यावर त्या बोलू लागल्या आणि मध्येच थांबल्या. मुखपृष्ठ आठवत होतं, लेखिकेचं नाव आठवत होतं, पण गोष्टीतली माणसं काही आठवेनात. त्यांचा चेहरा पडला. घरी जाताना स्टेशनपर्यंत आम्ही बरोबर चालत होतो. त्या म्हणाल्या, "ताई, मी हे वाचलं नाही, नुसतं उरकलं."

मला हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. आकडा वाढत होता, वेळ मिळाला होता, जागा मिळाली होती, आणि ज्यासाठी हे सगळं करायचं तेच हातातून निसटत होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःसाठी एक अट घातली. पुस्तक संपलं की त्याबद्दल वहीत दोन ओळी लिहायच्या. त्या सुचत नसतील तर पुस्तक संपलेलं धरायचं नाही. पाचांपैकी दोन पुस्तकं या अटीत नापास झाली. ती त्यांनी पुन्हा आणून वाचली, आणि त्यांची नोंद दुसऱ्यांदा केली नाही.

पुढचं पुस्तक त्यांनी यादीप्रमाणे पातळच घेतलं होतं: विश्राम बेडेकर यांची 'रणांगण', १९३९ ची कादंबरी. दोन दिवसांचं काम असा अंदाज. महायुद्धाच्या उंबरठ्यावर युरोपातून निघालेल्या बोटीवरची ही कथा, तिच्यात जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू प्रवासी आहेत. २० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळी मत देऊन आल्यावर त्या दुपारभर गॅलरीत ती घेऊन बसल्या आणि संध्याकाळी माझा फोन वाजला. वीस मिनिटं त्या फक्त त्या बोटीबद्दल बोलत होत्या. पुस्तक संपायला नऊ दिवस लागले, कारण काही पानं त्यांनी दोनदा वाचली. पातळ पुस्तक म्हणजे लवकर संपणारं पुस्तक, हा हिशोब तिथेच मोडला.

निष्पत्ती

डिसेंबरात तीन पुस्तकं झाली. ३१ डिसेंबरला वहीत एकवीस नावं होती. पेन्सिलीने लिहिलेला आकडा नेमका बरोबर आला, पण आखल्या वाटेने आला नाही. नोव्हेंबरात उरकून पुढे गेलेल्या, डिसेंबरात पुन्हा वाचण्यात मागे आल्या. मागच्या बाजूच्या पानावर चार दिवाळी अंक होते, चारही पहिल्या कथेपासून शेवटच्या कवितेपर्यंत वाचलेले. यजमानांचं म्हणणं, एकवीस आणि चार पंचवीस, संकल्प पूर्ण झाला, पेढे आणा. सुजाताताईंनी एकवीसच लिहिलं.

त्यांना वाईट वाटलं का? वाटलं. चोवीस झाली असती तर आनंद झालाच असता, तो लपवण्यात अर्थ नाही. पण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या बारा पुस्तकांपुढे प्रत्येकी दोन ओळी आहेत, आणि मी त्या वाचल्या आहेत. 'रणांगण'पुढची नोंद दोन ओळींत मावलेली नाही, समासात वर चढली आहे.

१ जानेवारी २०२५ ला बुधवार होता. त्या दिवशी स्लो लोकलमध्ये त्यांच्या पिशवीत ६१२ पानांची कादंबरी होती. त्यांनी ती पान १८८ वरून सुरू केली नाही, पहिल्या पानापासून केली.

वेगळं काय करता आलं असतं

मे महिन्यातच विचारायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं. आमच्या बैठकीत दर महिन्याला "किती झाली?" असं विचारलं जातं. मे, जून, ऑगस्टमध्ये सुजाताताईंनी "आठ", "आठ", "नऊ" अशी उत्तरं दिली आणि आम्ही पुढच्या सभासदाकडे वळलो. "सध्या कुठल्या पानावर आहात?" असं विचारलं असतं तर एकशे अठ्ठ्याऐंशी हा आकडा दुसऱ्यांदा ऐकल्यावर कुणाच्याही लक्षात आलं असतं. जानेवारीपासून आम्ही तसंच विचारतो.

ऑफिसची वेळ बदलली त्या आठवड्यातच लोकलचा विचार व्हायला हवा होता. मुंबईत वाचणाऱ्या नोकरदार माणसाचं वाचन बहुतेकदा एका विशिष्ट गाडीवर आणि तिथल्या बसायच्या जागेवर टिकून असतं. गाडी बदलली की नव्या गाडीत वाचता येईल का हे पहिल्याच दिवशी पाहावं, आणि येत नसेल तर तो वेळ दुसरीकडे कुठून काढायचा ते घरात बोलावं.

दोन ओळींची अट जानेवारीपासून असती तर नोव्हेंबरातले दोन आठवडे वाया गेले नसते. तरी माझ्या मते त्या गोंधळातून गेल्याशिवाय त्यांना ती अट सुचली नसती, आणि मी सांगितली असती तर शाळेच्या गृहपाठासारखी वाटली असती. त्यामुळे इथे काय बदललं असतं हे मी खात्रीने म्हणणार नाही.

आकडा पंधरावर आणायचा माझा सल्ला मात्र चुकीचा होता. पंधरा ठरले असते तर त्यांनी डबा भरायला सांगितलं नसतं, स्लो लोकल धरली नसती, आणि सहा पुस्तकं कशीबशी करून डिसेंबर संपला असता.

दिवाळी अंकांचा प्रश्न जानेवारीच्या बैठकीत पुन्हा निघाला. चौघांचं मत अंक धरावेत, तिघांचं धरू नयेत, आणि तासभर बोलूनही ते मिटलं नाही. सुजाताताईंच्या नव्या वहीत अंकांचं पान मागच्या बाजूलाच आहे, पण या वर्षी त्यांनी त्यावरही तारखांचे रकाने आखले आहेत.